हात केला तरच थांबेल

हेल्दुर रायद्माच्या घरातल्या तीन पिढ्यांनी एस्टोनियाच्या रेल्वेत नोकरी केली, आणि एवढ्या वर्षांत केलं काय म्हणाल, तर रूळ आत सरकवले आणि परत बाहेर सरकवले. आजोबांच्या काळात इथे झारची रुंद गाडी धावत होती. पहिल्या लढाईत जर्मन आले. त्यांना आमचे रूळ फार फाकलेले वाटले. आजोबांनी घण उचलला आणि एका बाजूचा रूळ नऊ सेंटिमीटर आत घेतला. जर्मन गेले, तेव्हा आजोबांनी तोच रूळ नऊ सेंटिमीटर बाहेर नेला. मग वीस-बावीस वर्षं आमचं स्वतःचं राज्य होतं. तेवढ्या काळात रुळांना कुणी हात लावला नाही, कारण सरकवायला सांगणारंच कुणी नव्हतं. दुसऱ्या लढाईत जर्मन पुन्हा आले. तोवर घण हेल्दुरच्या वडिलांच्या हाती आला होता. रूळ आत. मग रशियन आले. रूळ बाहेर. इतर देशांच्या इतिहासात राजे असतात, पराक्रम असतात. आमच्या इतिहासात नऊ सेंटिमीटर आहेत, आणि तेसुद्धा दुसऱ्याच्या सांगण्यावरून.

हेल्दुरच्या वाट्याला तर तेवढेही आले नाहीत. तो अडुसष्ट साली कामाला लागला, आणि दोनेक वर्षांत मॉस्कोतल्या कुणा साहेबाच्या मनात आलं, की दोन रुळांमधलं अंतर पंधराशे चोवीस मिलिमीटर आहे ते पंधराशे वीस करावं. चार मिलिमीटर! काळ्या पावावर लोणी लावतात तो थर याहून जाड असतो. पण हुकूम म्हणजे हुकूम. आधी गँगमन आणि मग मुकादम म्हणून हेल्दुरच्या उमेदीची सगळी वर्षं या चार मिलिमीटरांत गेली. घरी आजोबांची एक लाकडी मापकाठी होती, तिच्यावर प्रत्येक राजवटीची एकेक खाच होती. हेल्दुरने आपली खाच कोरली ती आजोबांच्या खाचेला इतकी चिकटून होती, की पाहणाऱ्याला वाटायचं सुरी घसरली असेल.

"लोक देश मोठा करतात," त्याची बायको माइमू म्हणायची. "माझ्या नवऱ्याने तो चार मिलिमीटर लहान केला. आणि त्याबद्दल बिल्लाही मिळवला."

हेल्दुर यावर "हं" म्हणायचा. तो बहुतेक गोष्टींवर "हं" म्हणायचा. आमच्याकडे हे वैगुण्य समजत नाहीत. आमच्या गावात, राबामेत्सात, शेजारी शेजाऱ्याला वर्षातून दोनदा भेटतो, एकदा बटाटे लावताना आणि एकदा काढताना, आणि दुसऱ्या वेळी पहिल्या वेळचंच बोलणं पुढे चालू होतं. जी गोष्ट उघड आहे ती बोलून दाखवणं आम्हाला जरा उथळपणाचं वाटतं. बटाटे चांगले आले असतील तर दिसताहेत की. माणूस आवडला असेल तर तेही दिसतं, असा आमचा समज आहे.

या समजापायी हेल्दुर जन्मभर ब्रह्मचारीच राहायचा. एकाहत्तर साली राबामेत्साच्या तिकीटखिडकीवर माइमू नावाची मुलगी आली. ती आग्नेयेकडच्या सेतोमाची. तिकडच्या बायका गातात, भांडतात, हसतात आणि मनातलं बोलून टाकतात. हेल्दुर दर रविवारी खिडकीशी जायचा आणि म्हणायचा, "लेल्ले, एक." लेल्लेला त्याचं कुणी नव्हतं. तो गाडीत बसायचा, लेल्लेच्या फलाटावर उतरायचा, चाळीस मिनिटं बाकावर काढायचा आणि परत यायचा. असे त्याने अकरा महिने काढले. त्याच्या मते प्रेम याहून उघडपणे व्यक्त करणं अशक्यच होतं. बाराव्या महिन्यात त्याने "लेल्ले, एक" म्हटल्यावर माइमूने दोन तिकिटं फाडली, खिडकीवर "बंद" अशी पाटी लावली आणि कोट घालून बाहेर आली.

"चला," ती म्हणाली. "तिथे आहे तरी काय ते बघू."

"बाक आहे," हेल्दुर म्हणाला.

पुढची पन्नास वर्षं घरातलं सगळं बोलणं माइमूने केलं. दुकानात ती बोलली, शाळेत मुलीच्या मास्तरणीशी ती बोलली, डॉक्टरकडे हेल्दुरचं पोट दुखत असलं तरी कुठे दुखतंय हे तीच सांगायची. दोन हजार अठरा साली आमच्या मार्गावरची शेवटची गाडी गेली, तेव्हा फलाटावर अख्खं गाव जमलं आणि कुणी हूं की चूं केलं नाही. एकटी माइमू गार्डावर ओरडली, "गाडी नेता तर नेता, निदान शिट्टी तरी वाजवा!" गार्डाने शिट्टी वाजवली. मग रूळ उखडून नेले आणि त्या जागी बर्चची झाडं उगवली.

पुढे माइमूला पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, आणि बोलणंही गेलं. मागे पाच-सहा शब्द तेवढे उरले. अख्ख्या राबामेत्सात बोलणारी एकच बाई होती आणि वाचा नेमकी तिचीच गेली, याचा हेल्दुरला फार राग आला. माझी नेली असती तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं, असं त्याला वाटलं, आणि ते खरंच होतं.

पार्नूच्या इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी त्याला आणि त्याच्या मुलीला, पिरेतला, समोर बसवलं. पिरेत ताल्लिनला असते, त्या दिवशी कामावरून धावतपळत आली होती.

"ह्यांना घरी न्यायचं म्हटलं तर आठवड्यातून तीनदा मदतनीस येऊ शकेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नाहीतर इथे पार्नूतच वृद्धांसाठी निवास आहे, तिथे ठेवता येईल. तुमचं काय मत?"

हा काय प्रश्न झाला, हेल्दुरच्या मनात आलं. घरी न्यायचं. बायको आहे, घर आहे, मग नेणार कुठे? हे इतकं उघड होतं की तो त्यावर थांबलाच नाही. तो पुढच्या विचाराला लागला. खाट स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत टाकावी, भट्टीची ऊब तिथे पोचते. दाराचा उंबरा काढावा लागेल, म्हणजे चाकाची खुर्ची जाईल. उंबरा ओकचा आहे, करवतीला धार लावून आणावी लागेल. करवतीपर्यंत पोचेतो तो आपल्या बुटांकडे बघत होता, आणि टेबलापलीकडे कागद भरून होत आला होता.

"बाबांना झेपणार नाही," पिरेत हळूच म्हणाली. "पण ते तोंडाने कसं म्हणतील? मला कळतंय ना, बाबा."

हेल्दुरने वर पाहिलं. पोरगी रडवेली झाली होती. या दोघींनी काहीतरी विचार करूनच ठरवलं असेल, असं त्याला वाटलं. कदाचित आपल्याला खरंच झेपणार नसेल आणि त्या ते चांगुलपणाने सांगत असतील. तो "हं" म्हणाला. त्या एका "हं"ला आता एकोणीस महिने झाले होते. उंबरा त्याने त्याच आठवड्यात कापून काढला होता. तिथे आता नुसती फट होती आणि तिच्यातून थंडी आत यायची.

डोळ्यांत मोतीबिंदू उतरला म्हणून त्याचा गाडीचा परवाना काढून घेतलेला. पार्नूची बस मंगळवारी आणि गुरुवारी, जायला दीड तास, कारण ती जंगलातल्या दुधाचे कॅन ठेवायच्या प्रत्येक ओट्यापाशी थांबते. तो दोन्ही वार जायचा. माइमूच्या शेजारी बसायचा. दोघंही गप्प. पूर्वी एकटा गप्प असायचा तेव्हा ते बरं वाटायचं.

अशात पंचायतीच्या फळ्यावर नोटीस लागली. ताल्लिनहून पार्नूकडे आणि तिथून थेट युरोपात जाणारा नवा मार्ग गावापासून किलोमीटरभरावरून जाणार होता, हे माहीत होतंच. आता रूळ युरोपच्या मापाचे, म्हणजे पुन्हा आत. माइमूला झटका आला नसता तर ती म्हणाली असती, की काढ तुझी काठी आणि पाड आणखी एक खाच. नोटिशीत असं होतं, की स्थानिक गाड्यांसाठी राबामेत्साला थांबा असावा काय, यावर बुधवारी संध्याकाळी सहा वाजता सभागृहात ग्रामस्थांचं म्हणणं ऐकून घेतलं जाईल. कॉफीची सोय आहे.

गाडीने पार्नू पंचवीस मिनिटं, आणि रोज. मार्ग दोन हजार तीस सालापर्यंत होणार, तेव्हा हेल्दुर ब्याऐंशीचा असेल. पण आम्ही पाइन लावतो तोच मुळी नातवंडांनी कापावा म्हणून. पाच वर्षांचं काय घेऊन बसलात?

त्याने माइमूला नोटिशीबद्दल सांगितलं. तिने डावा डोळा त्याच्यावर रोखला.

"बोल," ती म्हणाली.

"काल्यू बोलेल की. त्याचा भाऊ पंचायतीत होता."

"तू."

"मला कुठे जमतं बोलायला, माइमू."

"खुळा," माइमू म्हणाली. हा तिच्या उरलेल्या शब्दांतला एक होता आणि तो तिने गुळगुळीत होईपर्यंत वापरला होता. मग तिने पुन्हा, फार कष्टाने, तोंड वाकडं करत म्हटलं, "बोल."

मग हेल्दुर तयारीला लागला. त्याने पंचांगाच्या पाठकोऱ्या पानावर भाषण लिहून काढलं. गावची लोकसंख्या दोनशे बारा. पार्नूला कामाला जाणारे एकतीस. शाळेची मुलं नऊ. शनिवारी सॉनात, अंगावर घोंगडीसारखी वाफ घेऊन, त्याने ते भट्टीसमोर मोठ्याने म्हणून पाहिलं. तापलेल्या दगडांवर पाणी टाकलं की भट्टी फुस्स करायची. घरात कुणी उत्तर दिलं याला बरेच महिने लोटले होते, म्हणून त्याने भाषण तीनदा म्हटलं.

बुधवारी सभागृहात साठ माणसं आली. एवढी गर्दी आमच्याकडे अंत्यविधीलाही होत नाही. पहिल्या चार रांगा रिकाम्या आणि मागच्या रांगांत माणसं दाटीवाटीने बसलेली, हे आमचं नेहमीचं. पुढे बसणं म्हणजे मिरवणं. ताल्लिनहून रेइगो नावाचा एक तरुण अधिकारी आला होता. त्याने पडद्यावर नकाशे दाखवले, ताशी दोनशे किलोमीटर वगैरे सांगितलं, आणि शेवटी घसा साफ करून विचारलं, "तर मग, थांब्याबद्दल ग्रामस्थांचं काही म्हणणं?"

सभागृहात चिडीचूप. थांबा प्रत्येकालाच हवा होता. इतका हवा होता की त्यात बोलण्यासारखं काय आहे हे कुणालाच कळेना. नको असतं तर साठ माणसं आली असती का? काल्यूने छताकडे पाहिलं. सभागृह सांभाळणाऱ्या व्हिल्माबाईंनी कपबशा सारख्या केल्या.

परदेशी माणूस असता तर त्याने पुन्हा विचारलं असतं, खोदून विचारलं असतं. पण रेइगोही आमच्यातलाच. शांततेने तो अगदी निवांत झाला. "काही नाही," असं म्हणत त्याने कागदावर मान घातली. कागदावर एक चौकोन होता, 'स्थानिकांची मागणी', आणि पेन त्या चौकोनावर काट मारायला निघालं.

हेल्दुर उभा राहिला.

उभं राहिल्याबरोबर त्याचं सगळं भाषण उडालं. दोनशे बारा आठवलं, पण दोनशे बारा काय ते आठवेना. पंचांगाचं पान कोटाच्या खिशात, आणि कोट बाहेर खुंटीला. तो तोंड उघडून तसाच उभा. इकडे लोकांनी पाहिलं की म्हातारा हेल्दुर उठला, म्हणजे सभा संपली. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. खुर्च्या सरकल्या, साठची साठ माणसं उभी राहिली, काल्यू तर पुढच्या बाजूच्या दाराकडे निम्मा पोचला. आमच्या देशाने स्वतःच्या भविष्याबद्दल काय मत दिलं असं कुणी विचारलं, तर टोपी घातली आणि बाहेर पडला, असं सांगावं लागलं असतं.

"बसा!" हेल्दुर म्हणाला.

हा आवाज त्याने नोकरीनंतर कधी काढला नव्हता. रुळांवर गाडी येताना टोळीला बाजूला करण्याचा तो मुकादमाचा आवाज होता. साठ माणसं जिथे होती तिथे बसली. काल्यू दुसऱ्या रांगेत, अगदी पुढे, आणि तिथे तो लाजेने लाल झाला. रेइगो उभा होता, तोही बसला.

आता मात्र काहीतरी बोलणं भाग होतं.

"माझी बायको पार्नूत आहे," हेल्दुर म्हणाला.

हे सगळ्यांना माहीत होतं. तरीही सभागृहात असं काही झालं, की जणू त्याने सदरा काढला. व्हिल्माबाईंनी बशी खाली ठेवली.

"मी मंगळवारी जातो आणि गुरुवारी जातो. बाकीचे पाच दिवस तिच्याशी कुणी बोलत नाही. म्हणजे मी गेल्यावरही बोलत नाहीच. पण मी तिथे असतो." त्याने श्वास घेतला. "आम्ही कुणीच बोलत नाही. ते तिला जमायचं, म्हणून आम्ही सगळ्यांनी तिच्यावर टाकलं होतं. थांबा हवा आहे. ह्या सगळ्यांनाही हवा आहे, ही काही नको असताना बसलेली माणसं नाहीत. तुम्ही इथलेच आहात, तुम्हाला कळायला हवं होतं."

तो बसला. रेइगोचे कान लाल झाले होते. त्याने पेन उचललं, चौकोनात खूण केली, आणि खाली बराच वेळ काहीतरी लिहीत राहिला. त्यानंतर काल्यू पुढच्या रांगेतून, मागे न वळता, म्हणाला, "हो." मग मागून कुणीतरी "हो" म्हणालं. असे सतरा हो मोजले गेले. राबामेत्साच्या इतिहासात ही दंगलच म्हणायची.

बाहेर कोट घालताना काल्यू त्याच्यापाशी येऊन उभा राहिला.

"बरंच बोललास," काल्यू म्हणाला.

"हं," हेल्दुर म्हणाला.

दीड महिन्याने फळ्यावर निकाल लागला. राबामेत्साला थांबा मंजूर. खाली बारीक अक्षरात होतं: मागणीनुसार. म्हणजे गाडी एरवी थांबणार नाही. फलाटावरच्या माणसाने स्पष्टपणे हात वर केला, तरच ड्रायव्हर गाडी थांबवणार. गाव फळ्यासमोर बराच वेळ उभं होतं. ज्या लोकांनी जेवताना मीठ मागायला नको म्हणून अळणी खाल्लं, त्यांना सरकारने हात करून थांबवायची गाडी दिली होती. चौघांत उभं राहून हात वर करायचा म्हणजे काय चेष्टा आहे! "मी आपला बसनेच जाईन," काल्यू म्हणाला.

हेल्दुर गुरुवारी बसने पार्नूला गेला. निवासाच्या दिवाणखान्यात माइमू खिडकीपाशी चाकाच्या खुर्चीत होती. पलीकडे दोन म्हाताऱ्या विणत होत्या, एक आजोबा झोपले होते. हेल्दुरने शेजारी बसून सांगितलं, सगळं, सभेपासून. खिशातलं पान, खुर्च्या, काल्यू पुढच्या रांगेत. माइमूचा डावा अर्धा चेहरा हसायला लागला आणि उजव्या डोळ्यातून पाणी आलं. मग त्याने बारीक अक्षरांचं सांगितलं.

"हात करावा लागणार," तो म्हणाला. "नाहीतर निघून जाईल."

माइमूने डावा हात खुर्चीच्या दांडीवरून उचलला आणि डोक्याच्या वर, सरळ धरला.

"कर," ती म्हणाली.

"आत्ता? इथे?"

"कर."

हेल्दुरने विणणाऱ्या म्हाताऱ्यांकडे पाहिलं. त्यांनी सुया थांबवल्या होत्या. त्याने हात खांद्यापर्यंत नेला, जणू माशी हाकलतोय.

"वर," माइमू म्हणाली.

त्याने हात वर केला. सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस, शाळेतसुद्धा कधी हात वर न केलेला, भर दिवाणखान्यात हात वर करून बसला. शेजारी बायकोचा हात वर. दोघं तसेच.

कॉरिडॉरमधून जाणाऱ्या परिचारिकेने दोन हात पाहिले आणि ती लगबगीने आत आली.

"काय झालं? काय हवंय तुम्हाला?"

"काही नाही," हे हेल्दुरच्या ओठांवर आलंच होतं. जन्मभर कुणीही काहीही विचारलं तरी तेच यायचं. त्याने माइमूकडे पाहिलं. तिचा हात दमून खाली यायला लागला होता, म्हणून त्याने आपल्या दुसऱ्या हाताने तो वर धरला.

"मला हिला घरी न्यायचंय," तो म्हणाला. "तेव्हाच सांगायचं होतं. उंबरा काढलाय मी."

परिचारिका म्हणाली की मुलीला फोन करावा लागेल, कागद करावे लागतील, मदतनीस बघावी लागेल. हेल्दुर प्रत्येक गोष्टीला "हो" म्हणाला. मोठ्याने, विणणाऱ्या म्हाताऱ्यांनाही ऐकू जाईल असं. ती गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की त्याचा हात अजून वरच होता.

"खुळा," माइमू म्हणाली, आणि त्याचा हात खाली ओढून आपल्या मांडीवर ठेवला.